आधी माणूस, मग आठवण, मग यंत्र

भगोरियाचा आठवडा उलटला की माझ्या टेबलावर येणारे कॅमेरे लगेच ओळखू येतात. पुढे सरकणाऱ्या लेन्सच्या नळीभोवती गुलालाची बारीक लाल कड बसलेली असते. होळीच्या आधी धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी या पट्ट्यात आदिवासींचे भगोरियाचे हाट भरतात, मांदळ घुमतो, गुलाल उधळतो आणि त्या गर्दीत कोणीतरी खिशातला कॅमेरा काढतो. बटण दाबताच लेन्स बाहेर येते. बाहेर येताना ती हवा आत ओढते आणि हवेबरोबर रंगही आत जातो. दोन दिवसांनी कॅमेरा सुरू करावा तर करकर आवाज येतो, लेन्स अर्ध्यावर अडकते आणि पडद्यावर लेन्समध्ये बिघाड असल्याची सूचना येते.

पावसाळ्यात मांडूहून परतलेले कॅमेरे वेगळे. जहाज महालावर ढग उतरतात ते पाहायला लोक जातात आणि काचेमागे धुके घेऊन येतात. मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगून कप्प्यात रुतलेली असते. नर्मदेच्या घाटावर हातातून निसटलेल्या कॅमेऱ्यातून वाळू पडते. धार जिल्ह्यातल्या आमच्या मनावरात ऋतू बदलतो तसा बिघाड बदलतो. हे सगळे पाहत गेलो, वहीत टिपत गेलो आणि त्या टिपणांचे हे पुस्तक झाले.

पुस्तकाचा विषय मर्यादित आहे. खिशात मावणारा, लेन्स वेगळी काढता न येणारा, आपण ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतो तो डिजिटल कॅमेरा सुरक्षितपणे कसा सांभाळावा, तपासावा आणि दुरुस्त करावा, एवढेच यात आहे. कृती पुष्कळ आहेत, चित्रे आहेत, तक्ते आहेत. पण सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती क्रमाची आहे. दुरुस्तीला बसताना आधी माणसाचा जीव सांभाळायचा, मग कार्डावरची आठवण, आणि यंत्राचा नंबर सर्वांत शेवटी.

हा क्रम मी एकदा उलटा केला होता. वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या काकू त्यांचा कॅमेरा घेऊन आल्या. धाकट्याची मुंज नुकतीच झाली होती. “लेन्स आत जात नाहीये रे. तुला जमेल तेवढं बघ. फोटो आतच आहेत, सांभाळ.” मी हो म्हटले. बॅटरी काढली, म्हणजे आता वीज नाही, असे समजून स्क्रू काढायला लागलो. झाकण उचलले आणि अंगठा फ्लॅशच्या बाजूला टेकला. सणकन झटका बसला, हात मागे गेला आणि त्या झटक्यात स्क्रू विखुरले, एक रिबन केबल फाटली. पुढे कधीतरी तशाच एका मोडक्या कॅमेऱ्यातून केबल मिळाली, कॅमेरा चालू झाला. त्याने कार्ड फॉरमॅट करू का, असे विचारले. कॅमेरा चालला या आनंदात मी होकार दिला आणि तपासणीचे दहा-बारा फोटोही काढले. चूक लक्षात आल्यावर कार्ड संगणकाला लावून मुंजीचे बरेच फोटो परत मिळवता आले. सुरुवातीचे मिळाले नाहीत, कारण माझे तपासणीचे फोटो नेमके त्यांच्या जागेवर लिहिले गेले होते. मुंजीच्या दिवशी सकाळी काढलेला पहिलाच फोटो पणजीचा होता, बटूला जवळ घेतलेला. काकू रागावल्या नाहीत. “कॅमेरा काय, दुसरा आला असता रे,” एवढेच म्हणाल्या. त्या एका वाक्याने मला या कामाचा क्रम शिकवला.

आता माणसाविषयी. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते. ती हातात धरली तरी काही होत नाही आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. पण फ्लॅशच्या झेनॉन नळीला एवढी वीज पुरत नाही. कॅमेऱ्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. बॅटरीचा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून त्याच्याकरवी दाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवला जातो. फ्लॅश तयार होताना कान जवळ नेला तर कधी बारीक शीळ ऐकू येते, ती याच कामाची. ही वीज फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साठते. काही कारागीर त्याला कंडेन्सरही म्हणतात. काळ्या आवरणाचे ते छोटे नळकांडे बहुधा फ्लॅशच्या जवळ दडलेले असते आणि त्यावर ३३० व्होल्टच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. म्हणजे मुठीत मावणाऱ्या या डबीत घरच्या विजेपेक्षा जास्त दाब साठलेला असू शकतो आणि बॅटरी काढली तरी तो तिथेच राहतो. फ्लॅश उडाला नसेल, कॅमेरा कित्येक दिवस बंद असेल, तरी तो रिकामा आहे असे धरून चालता येत नाही.

१०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरला की त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा असते. बोटाला भाजायला आणि हात उडवायला ती पुरते. दोन्ही हातांतून प्रवाह गेला तर तो छातीतून जातो, आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला त्याचा धोका अधिक. म्हणून एक हात टेबलापासून दूर ठेवून काम करायची जुन्या रेडिओ कारागिरांची सवय इथेही लागू आहे. स्क्रू ड्रायव्हर टेकवून कपॅसिटर रिकामा करण्याची पद्धत बऱ्याच टेबलांवर दिसते. ती सोडावी. ठिणगी उडते, टोक वितळते आणि शेजारच्या नाजूक चिपा मरू शकतात. एक ते दोन किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर घ्यावा, त्याच्या दोन्ही तारांना चांगले आवरण चढवावे आणि तो कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवून ठेवावा. १०० मायक्रोफॅरडला एक किलोओहम लावला तर अर्ध्या सेकंदात जवळजवळ सगळा भार उतरतो, तरी घाई करू नये. मग मल्टिमीटर ३०० व्होल्टच्या वरच्या डी. सी. पट्टीवर ठेवून मोजावे. काही मिनिटांनी पुन्हा मोजावे, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडा दाब आपोआप परत उभा करतो. तपासणीसाठी बॅटरी घातली आणि पुन्हा काढली, की हे सगळे पहिल्यापासून करायचे. या पुस्तकातल्या प्रत्येक कृतीच्या सुरुवातीला ही सूचना पुन्हा छापली आहे. वाचकाला ती पुनरुक्ती वाटली तरी चालेल.

माणसाला दुसरा धोका बॅटरीचा. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, लोखंडी टोकाने उचकटायची नाही. ती फाटली तर पेटू शकते आणि तिचा धूर श्वासात जाणे वाईट. आमच्या निमाडात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो आणि बंद गाडीतला ताप त्याहून कितीतरी जास्त. तिथे कॅमेरा ठेवू नये. बरेच महिने वापरायचा नसेल तर बॅटरी अर्धी भरून, बाहेर काढून, थंड जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी-कचऱ्याचे वेगळे नियम २०२२ पासून लागू आहेत आणि बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत जागीच ती द्यायची असते.

मग आठवण. कॅमेरा हातात घेताच कार्ड काढायचे आणि मालकासमोर काढायचे. बहुतेक कार्डांच्या कडेला एक बारीक सरकती खीळ असते. ती खाली ओढली की कार्डावर लिहिणे थांबते. तशा अवस्थेत संगणकाला लावून सगळे फोटो आधी उतरवून घ्यावे. तपासणीला नेहमी आपले वेगळे कार्ड वापरावे. फॉरमॅट झालेच तर घाबरू नये. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फोटोंची यादी पुसली जाते, फोटो लगेच जात नाहीत. त्यावर नवे काही लिहिले की मात्र ते जातात. म्हणून त्या क्षणी कार्ड बाहेर काढणे हाच पहिला इलाज. काही कॅमेऱ्यांत थोडी अंतर्गत मेमरीही असते. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे पडून राहतात आणि मालकाच्या ध्यानीमनी नसते. तीही तपासावी. एका कुटुंबाला वडिलांचा शेवटचा फोटो अशा विसरलेल्या जागेत सापडताना मी पाहिले आहे.

यंत्राकडे वळण्याआधी या कामामागच्या परंपरेबद्दल दोन शब्द. आमच्या शेजारच्या इंदूरला लाला दीनदयाळ १८६६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला लागले. पुढच्या दशकात त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्यांना आश्रय दिला. त्या काळी छायाचित्रकाराला आपल्या काचा, रसायने आणि पेटी स्वतःच सांभाळावी लागे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये चालणारा चित्रपट-कॅमेराच उभा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. कॅमेरा परदेशातून आला पाहिजे, तो बिघडला तर परदेशीच गेला पाहिजे, हे त्या माणसांनी मानले नाही. आपल्या टेबलावरचे काम लहान आहे, पण त्याच्या मागे हा विश्वास आहे. ज्याला भाग कशासाठी आहे हे कळते, त्याला तो भाग हाताळता येतो.

कॉम्पॅक्टची लेन्स म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर तिरप्या खोबणी असतात, त्यांत बारीक खुंट्या फिरतात. छोटी मोटर प्लास्टिकच्या दातेरी चाकांनी नळी फिरवते आणि एक प्रकाश-संवेदक नळी कुठवर आली हे मुख्य सर्किटला कळवतो. ठरलेल्या वेळात तो संदेश आला नाही तर कॅमेरा मोटर थांबवतो आणि बिघाडाची सूचना देतो. ती सूचना म्हणजे यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी मारलेली हाक आहे. अशा वेळी नळी पकडून ओढली की खुंटी खोबणीतून निसटते किंवा चाकाचा दात तुटतो, आणि दोन मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. आधी बॅटरी पूर्ण भरून पाहावी. कमकुवत बॅटरीने लेन्स अर्ध्यावर थांबल्याची उदाहरणे फार आहेत. मग कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने नळीच्या कडेला हवा मारावी, मऊ कुंचल्याने कण झाडावे. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण काचेवर बसतात. तेल तर घालूच नये. तेलाला धूळ धरते आणि पसरून ते शटरच्या पात्यांपर्यंत जाते. पाती चिकटली की फोटो पूर्ण काळे तरी येतात किंवा उन्हात पांढरे फटक.

पाण्यात पडलेला कॅमेरा चालतो का हे पाहण्यासाठी सुरू करू नये. बॅटरी आणि कार्ड लगेच काढावे, झाकणे उघडी ठेवावी आणि घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवावे. तांदळात पुरण्याची रीत सोडावी, तांदळाची पूड लेन्सच्या नळीत शिरते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको, ती आतला डिंक सैल करते.

उघडावेच लागले तर पांढरा कागद घ्यावा, त्यावर कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावावा. बाहेरून सारखे दिसणारे स्क्रू लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो आतल्या पट्टीत घुसतो. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची चौफुली खाच नेहमीच्या फिलिप्स टोकाशी नेमकी जुळत नाही. त्यासाठी जपानी मापाचे टोक मिळते, ते घ्यावे, नाहीतर खाच गोल होते. रिबन केबल ओढायची नसते. तिच्या खोबणीची बारीक पट्टी आधी नखाने उचलायची, मग केबल स्वतःहून सुटते. सिंथेटिक कपडे घालून कोरड्या हवेत बसू नये. अंगावरची स्थिर वीज सुमारे ३,००० व्होल्टच्या खाली आपल्याला जाणवतही नाही, पण चिपेला त्याच्या कितीतरी कमी पुरते. मनगटाला जोडायची अर्थिंगची पट्टी स्वस्त मिळते. तिच्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असलाच पाहिजे, आणि कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री केल्यावरच ती बांधायची.

प्रत्येक बिघाड वापरणाऱ्याच्या हातून होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर २००५ मध्ये सोनीने आपल्या काही सीसीडी सेन्सरमधला दोष जाहीर केला. आतली बारीक जोडणी उष्णता आणि दमटपणाने सुटत होती. ते सेन्सर इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते आणि चित्र जांभळे, रेघांचे किंवा पूर्ण काळे येई. त्या कंपन्यांनी दुरुस्ती विनामूल्य करून दिली. आमच्यासारख्या उष्ण मुलखात तर अशा कॅमेऱ्यांची परीक्षा अधिकच कडक. लक्षण ओळखता आले तर विनाकारण उघडणे टळते. म्हणून या पुस्तकाचा अर्धा भाग निदानाला दिला आहे.

आता हे पुस्तक का, या प्रश्नाचे उत्तर. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. दहा वर्षांनी हा आकडा एक कोटीच्याही खाली आला. मोबाइलने त्यांची जागा घेतली. पण ते कोट्यवधी कॅमेरे गेले कुठे? ते आपल्या कपाटांत आहेत, साड्यांच्या घडीखाली, चार्जरच्या गुंत्याबरोबर. सुटे भाग मिळेनासे झाले, सेवा केंद्रांनी जुनी मॉडेले घेणे थांबवले. आता तरुण मुले तेच कॅमेरे पुन्हा बाहेर काढत आहेत, कारण त्या चित्रांचा रंग त्यांना आवडतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. हक्क मिळणे ही चांगली गोष्ट आहे. पण हक्काबरोबर हात सुरक्षित ठेवण्याचे ज्ञान आले नाही, तर त्या हक्काने माणसे जखमी होतील.

आणि हे ज्ञान मराठीत असावे, हा माझा आग्रह आहे. पवारांच्या धार-देवासमध्ये, होळकरांच्या इंदुरात आणि आमच्या मनावरसारख्या गावांत मराठी घरात बोलली जाते, बाजारात हिंदी आणि निमाडी. त्यामुळे हत्यारांची, बिघाडांची, कामाची भाषा घराबाहेर राहून गेली. देव्हाऱ्यापुरती आणि सणापुरती उरलेली भाषा फार दिवस टिकत नाही. तिच्यात कपॅसिटर रिकामा कसा करावा हेही सांगता आले पाहिजे. म्हणून मी कारागिरांच्या तोंडचे शब्द ठेवले आहेत. जिथे लेन्स म्हणतात तिथे लेन्सच लिहिले आहे, जिथे सोल्डरिंगला डाग देणे म्हणतात तिथे डाग देणेच.

काही ठिकाणी पुस्तक वाचकाला थांबायला सांगते. हृदयाचा विकार असलेल्यांनी किंवा पेसमेकर बसवलेल्यांनी फ्लॅशजवळचे काम करू नये. सोळा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय झाकण उघडू नये. मल्टिमीटर नसेल तर त्याची वाट पाहावी. कॅमेरा न उघडता करायचे सगळे काम पहिल्या तीन प्रकरणांत आहे. धूळ, बॅटरीचे मळलेले स्पर्शबिंदू, अडकलेले कार्ड, चुकीची सेटिंग, एवढ्यावरच पुष्कळ कॅमेरे बरे होतात. ज्यांना त्याच्या पुढे जायचे नाही, त्यांच्यासाठीही हे पुस्तक पुरे आहे.

वाचकहो, कपाटातला तो कॅमेरा आज बाहेर काढा. लहान मुलांना टेबलापासून लांब बसवा. बॅटरी काढा आणि ती फुगली आहे का ते पाहा. कार्ड काढून आतले फोटो उतरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. एवढे झाले आणि तरीही तो उघडावासा वाटला, तर पुढचे पान उलटा, कपॅसिटरचे प्रकरण दोनदा वाचा आणि मगच पहिल्या स्क्रूला हात लावा.

मनावर, जिल्हा धार